माठाची जुडी, तीन ठोके

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात ज्या घरी बाळंतपण होतं, ज्या घरी पुण्या-मुंबईहून सासू-सासरे उतरतात, किंवा ज्या घरी कोणाला नवी नोकरी लागते, त्या घराच्या दाराशी दुसऱ्या दिवशी लाल माठाची जुडी येते. पुष्पगुच्छ नाही की केक नाही, माठ. सुती दोऱ्याने बांधलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी लागत नाही, कारण असा उद्योग करणारं माणूस सबंध मराठी मंडळात एकच आहे. रत्नामावशी.

नव्याने आलेल्या सुना एकदा तरी म्हणून जातात, "मावशी, एवढा त्रास कशाला घेता? इंडियन स्टोअरमध्ये मिळतो ना माठ."

"मिळतो की," मावशी म्हणतात. "पण तो माठाचा लांबचा चुलतभाऊ. आडनाव तेवढं एक."

मावशींचा हा तोरा उगाच नाही. हे बी त्यांच्या आईचं. कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमागे, नळाचं पाणी वाहून जायचं त्या हातभर जागेत आई माठ लावायची. शाळेतून आल्यावर रत्नाने पानं खुडायची, आईने लसूण ठेचायचा, आणि वडील ड्यूटीवरून येईपर्यंत लोखंडी कढईत गुलाबी पाणी सुटलेली भाजी तयार असायची. १९९७ साली नवरा आणि दहा वर्षांची मुलगी यांच्यासोबत रत्ना अमेरिकेला निघाली, तेव्हा आईने कुंकवाच्या रिकाम्या डबीत मोहरीपेक्षा बारीक, काळं चकचकीत बी भरून दिलं. "दागिने लॉकरमध्ये ठेव आणि हे मातीत ठेव," एवढंच म्हणाली. पुढे आई गेली, क्वार्टर पाडली, नळही गेला असेल. माठ मात्र दर वर्षी एप्रिलमध्ये अल्फारेटातल्या परसात उगवतो. इवली लाल पानं मातीतून वर आली की आज अडुसष्टाव्या वर्षीही मावशींना आईचा ओला हात पाठीवर फिरल्यासारखं वाटतं. मग त्या तिथेच गवतावर बसून घटकाभर रडून घेतात आणि उठून चहा करतात.

मावशींचे यजमान कृष्णाकाका. जालन्याकडचे, अंबडजवळच्या खेड्यात वाढलेले. पुण्यात शिकून कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि अमेरिकेत सॉफ्टवेअर टेस्टर झाले. दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट शोधून काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, या प्रकाराचं मावशींना कायम हसू येई. "माझ्या सासूबाईंनी हेच काम जन्मभर फुकट केलं," असं त्या चारचौघांत म्हणायच्या, आणि काका सगळ्यांत मोठ्याने हसायचे. माणूस तसा अबोल, पण बायकोने आपली थट्टा करावी आणि आपण ती ऐकावी, यात त्यांना जगातलं सगळं सुख मिळत असावं.

काकांच्या घरची एक रीत होती. मळ्यातली भाजी घरात आली की पहिला घास गाईचा, मग माणसांचा. २००५ साली अल्फारेटात घर घेतलं, पुढच्या वर्षी परसात माठ तरारला, आणि काकांची पंचाईत झाली. गाय कुठून आणायची? घोडे मात्र त्या भागात तेव्हा पुष्कळ होते. मावशींच्या परसाला लागून लाकडी कुंपण, आणि कुंपणापलीकडे डॉटीची दोन एकर हिरवळ. डॉटी शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, उंच, खणखणीत आवाजाची. आजूबाजूच्या साऱ्यांनी जमिनी बिल्डरांना देऊन टाकल्या, ही तेवढी हटून बसली होती. तिची एकच घोडी, पेकन. पेकन म्हणजे जॉर्जियातला अक्रोडासारखा मेवा. घोडीचा रंग थेट त्याच्या टरफलासारखा.

काका एका सकाळी हातात माठ घेऊन कुंपणापाशी गेले आणि आपल्या जपून बोललेल्या इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे जेवणाआधी गाईला घास देतात. आमच्याकडे गाय नाही. तुमची घोडी चालेल का?"

डॉटीने थोडा विचार केला. "मला चालेल, हनी. पण तिलाच विचारलेलं बरं."

पेकनला विचारलं. पेकनने देठांसकट होकार दिला. तेव्हापासून मे ते ऑक्टोबर, रोज सकाळी, काका कुंपणापाशी जायचे. माठाच्या सुट्या काड्या मुठीत धरायच्या, कुंपणाच्या खांबावर तीनदा आपटायच्या, टक टक टक, खाली वाकून पाहायचं, आणि मग घास पुढे करायचा. पुढे पुढे तर असं झालं की हिरवळीच्या पार टोकाला असलेली पेकन ते तीन ठोके ऐकून चालत यायची, आणि ठोके झाल्याशिवाय घासाला तोंड लावायची नाही.

"देवळात गेल्यासारखी घंटा कसली वाजवता?" मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायच्या. "गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, ही तर घोडी आहे."

काका नुसते हसायचे. परसातल्या भाजीचं सगळं काम त्यांनी हळूहळू आपल्याकडे घेतलं होतं. पहाटे उठून हातमोजे घालायचे, बादलीत साबणाचं पाणी घ्यायचं आणि माठाच्या ताटव्यात तासभर वाकून काहीतरी वेचत बसायचं. मावशी मदतीला गेल्या की म्हणायचे, "तू नको येऊस, दवाने सर्दी होते तुला." मावशींनी तेही टेस्टरचं खूळ म्हणून सोडून दिलं. तीस वर्षं खोट शोधलेल्या माणसाला माठातही ती सापडत असेल.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, काका झोपेतच गेले. मंडळातल्या लोकांनी सगळं केलं. मुलगी रुचा सिअ‍ॅटलहून आली, महिनाभर राहिली, आई, माझ्यासोबत चल म्हणाली. मावशी म्हणाल्या, एप्रिलमध्ये बी टाकायचं आहे, मग बघू. एप्रिलमध्ये बी टाकलं, मेमध्ये माठ आला, आणि पहिल्या सकाळी मावशी मूठभर काड्या घेऊन कुंपणापाशी गेल्या. काय करायचं ते ठाऊक होतं. सोळा वर्षं खिडकीतून पाहिलं होतं. खांबावर तीनदा आपटलं. पेकनने टोकाला मान वर केली, थोडी थांबली, आणि संथ चालत आली. मावशींनी तिच्या कपाळावर डोकं टेकवलं. सिअ‍ॅटलचा विषय त्या दिवशी संपला.

या वर्षी जूनमध्ये मावशी दवाच्या गवतावरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला. रुचाने फोनवरून हुकूम सोडला, सकाळी ओल्या गवतात पाऊल टाकायचं नाही. मावशींनी तोडगा काढला. माठ संध्याकाळी कापायचा, चांगली घट्ट जुडी बांधायची, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि सकाळी फरसबंदीच्या वाटेने कुंपणापर्यंत जाऊन घास द्यायचा. मोतीबिंदूमुळे तिन्हीसांजेला नीट दिसत नव्हतं, पण हाताला सवय होती. जुडी मंडईतल्यासारखी देखणी बांधली जायची. सुट्या काड्या मुठीत धरणाऱ्या काकांपेक्षा आपलं काम निगुतीचं, असं मावशींना मनातून वाटायचं. ठोके मात्र त्यांनी एकही दिवस चुकवले नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी सकाळी डॉटीचा फोन आला. आवाजातला खणखणीतपणा गेला होता. "रत्ना, पेकनचं काहीतरी बिनसलंय."

मावशी गुडघा विसरून गेल्या. पेकन तबेल्यात उभी होती, पण उभी कसली, एक खूर सारखी जमिनीवर घासत होती. मान घामाने भिजलेली. बादलीत तोंड बुडवून नुसतं पाणी उडवत होती, घोट एकही घेत नव्हती. एकोणतीस वर्षांची घोडी म्हणजे माणसात नव्वदीची म्हातारी.

तासाभरात जनावरांची डॉक्टर आली, आणि तिला पाहून मावशींना अर्धा धीर आला. ती निधी होती. पंचवीस वर्षांपूर्वी रविवारच्या मराठी शाळेत मावशींच्या पुढ्यात मांडी घालून बसणारी, 'ळ' काही केल्या न येणारी निधी. आता खांद्यापर्यंत हातमोजे चढवून घोडीच्या पोटाला कान लावत होती.

"हाय मावशी," ती म्हणाली. "एक मिनिट हं." मग डॉटीकडे वळून इंग्रजीत विचारायला लागली. काय खाल्लं, केव्हापासून, नवीन काही दिलंय का.

"परवा नवीन गवत आलं," डॉटी म्हणाली. "पश्चिमेकडचं अल्फाल्फा. म्हातारीचं वजन उतरतंय म्हणून मुद्दाम मागवलं."

निधीचा चेहरा बदलला. तिने पेकनच्या ओठांची आतली बाजू पाहिली. तिथे बारीक फोड होते. तिने खिशातून फोन काढून एका किड्याचं चित्र दाखवलं. "ब्लिस्टर बीटल. अल्फाल्फाला फुलं आली की याचे थवे बसतात. याच्या अंगात विष असतं. गवत कापतात, रोलरने दाबतात, तसे किडे आत चिरडतात, आणि गठ्ठा बांधला की आतच राहतात. मेला, वाळला तरी विष तसंच. घोड्याच्या पोटात गेलं की आतडं, मूत्रपिंड, सगळं जाळत जातं."

मावशी चित्राकडे बघत राहिल्या. लांबट, बारीक मानेचा किडा. पिवळट अंगावर काळ्या रेघा. दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी माठ कापताना अशा रेघांचं काहीतरी पानांवर वळवळताना त्यांना अंधुक दिसलं होतं. झाड हलवल्यावर टपटप खाली पडलं, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं होतं. कोपराच्या आतल्या बाजूला कालपासून बोराएवढा फोड आला होता. तो फोडणीच्या तेलाचा असावा, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आता पदर ओढून त्यांनी कोपर झाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

डॉटीने तोवर गवतवाल्याला फोन लावला होता आणि त्याला नाही नाही ते बोलत होती. निधीने उरलेला गठ्ठा उलगडला, झटकला, चाळला. किडा सापडला नाही.

"याचा अर्थ थवा होता तो भाग तिने खाऊन टाकलाय," ती म्हणाली. डॉटीने फोन ठेवल्यावर ती तिच्याजवळ गेली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. "डॉटी, गवताच्या एका थरात शंभर-दोनशे किडेसुद्धा असू शकतात. तेवढे गेले असतील, तर या वयात ती यातून निघणार नाही, आणि पुढचे दोन दिवस तिचे फार हाल होतील. मग तिला शांतपणे जाऊ देणं बरं. दुपारपर्यंत ठरवू."

डॉटी पेकनच्या मानेला धरून उभी राहिली.

मावशींना वाटलं, गप्प राहावं. गवतवाल्यावर आलंय, येऊ द्यावं. तो कुठला कोण. आपण काय बोलणार? वीस वर्षांपासूनची शेजारीण, नवरा गेला तेव्हा आठवडाभर गरम जेवण घेऊन येणारी बाई, तिला काय सांगणार, की तुझी घोडी मी मारली? आणि ही पोर, जिला आपण 'खरं बोलावं' हा धडा गिरवायला लावला, तिच्यासमोर? मग त्यांच्या डोक्यात निधीचा आकडा फिरू लागला. शंभर-दोनशे. जुडीत काही शंभर किडे मावणार नव्हते, म्हणजे पेकन वाचण्याची आशा होती.

"निधी," त्या म्हणाल्या, आणि मग डॉटीला कळावं म्हणून इंग्रजीत बोलल्या, सोप्या सोप्या शब्दांत, मध्ये न थांबता. "गवत नाही. माझा माठ. त्यावर हेच किडे आहेत. मी जुडी बांधते. काल दिली, आज दिली." त्यांनी पदर सारून कोपर पुढे केलं.

निधीने फोड पाहिला. "जुडी आहे अजून?"

फ्रिजमध्ये एक जास्तीची जुडी होती, मंडळातल्या एका बाळंतिणीसाठी बांधलेली. मावशींनी ती आणली. निधीने दोरा कापून काड्या पांढऱ्या टॉवेलवर पसरल्या. काड्यांच्या मधोमध, थंडीने गारठलेले, पट्ट्यापट्ट्यांचे किडे. नऊ. दोन दोऱ्याखाली चिरडलेले.

"नऊ," निधी म्हणाली. "दोन दिवसांचे समज वीस. वीसच ना मावशी? एक्झॅक्टली सांग. त्याआधी थवा नव्हता?"

"सोमवारी पानं स्वच्छ होती. मंगळवारी आले."

"वीस म्हणजे चान्स आहे," निधी म्हणाली आणि धावतच गाडीकडे गेली. "डॉटी, आपण लढतोय."

डॉटी मात्र मावशींकडे विचित्र नजरेने पाहत होती. रागाने नव्हे, गोंधळून. "पण तू ठोके दिलेस," ती म्हणाली. "आज सकाळी मी खिडकीतून पाहिलं. तू तीनदा आपटलंस."

"आपटलं ना. ठोक्यांचा काय संबंध?"

डॉटी पेकनकडे वळली.

ती दुपार लांबच लांब गेली. नाकातून नळी घालून कोळशाचं काळं पाणी पेकनच्या पोटात सोडलं, मानेत सलाइन लावलं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. निधी उपड्या बादलीवर बसून सलाइनच्या थेंबांकडे लक्ष ठेवत होती. मावशी बाजूला गवताच्या गठ्ठ्यावर. डॉटी घरात कॉफी करायला गेली होती.

"मावशी, तू अशी नको बसू यार," निधी म्हणाली. "तू सांगितलं नसतंस ना, तर मी तिला पुट डाउन केलं असतं. ऑनेस्टली."

मावशींना बोलतं करायला म्हणून निधी किड्याबद्दलच सांगत राहिली. "ॲक्चुअली फॅसिनेटिंग किडा आहे हा. याला त्रास दिला ना, की हा गुडघ्यांतून रक्त काढतो. स्वतःच. त्या रक्तात विष."

"गुडघ्यांतून?" मावशींनी आपल्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्या गुडघ्यातून नुसती कळ निघते."

निधी हसली. "आणि याची पिल्लं मातीत ग्रासहॉपर्सची अंडी खाऊन वाढतात. गेल्या समरला नाकतोडे किती होते आठवतंय? म्हणून या वर्षी हे एवढे. अजून एक गंमत. विष फक्त नर बनवतो. मादीला ते बनवताच येत नाही. तो मेटिंगच्या वेळी तिला देतो, गिफ्टसारखं, आणि ती ते अंड्यांना लावते. मग मुंग्या अंड्यांच्या वाटेला जात नाहीत."

"म्हणजे आहेर म्हणायचा."

"हो, पण तिला माहीत असेल का, तो काय देतोय ते? मला नेहमी क्वेश्चन पडतो."

"बाईला सगळं माहीत असतं गं," मावशी म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पेकनने पाणी प्यायलं. उडवलं नाही, प्यायलं. डॉटी आणि मावशी दोघी बादलीकडे बघत हात धरून उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं. लॅबचा रिपोर्ट आला, विष होतं, पण थोडं. निधीने मूत्रपिंडं ठीक असल्याचं सांगितलं आणि जाताना बजावलं, यापुढे घोडीला परसातली एक काडीसुद्धा नाही. गाजर द्या.

मावशींनी कानाला खडा लावला. त्या एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. रविवारी सकाळी, दव असो की नसो, हातमोजे घालून त्या माठाच्या ताटव्यात उतरल्या. दुसऱ्याच्या मुक्या जनावराला ज्यापासून धोका, ते आपल्या दारी नको. बी होतं त्या कुंकवाच्या डबीचं काय करायचं, ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. पहिलं रोप मुळासकट उपटलं, तेव्हा हाताला आईच्या नळाजवळच्या मातीसारखा वास आला. त्यांचे डोळे भरून आले. तरी त्यांनी दुसऱ्या रोपाला हात घातला.

"थांब," कुंपणावरून आवाज आला. डॉटी होती. "हात लावू नकोस. मी त्याला शब्द दिलाय."

"कोणाला?"

"क्रिष्नाला."

डॉटी कुंपणाचं फाटक उघडून आत आली, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता, आणि मावशींच्या शेजारी गवतावर बसली. वयोमानाने बसायला तिला वेळ लागला.

"पहिल्याच वर्षीची गोष्ट," ती म्हणाली. "त्याच्या मानेवर एवढा मोठा फोड आला. मला येऊन दाखवला. म्हणाला, या किड्याचे भाऊबंद त्याच्या गावी बाजरीच्या कणसावर बसायचे. लहानपणी अंगावर चिरडला की असाच फोड यायचा. काहीतरी नाव सांगितलं त्याने."

"हिंगे," मावशी पुटपुटल्या. शब्द सासरचा. सासूबाईंच्या तोंडून कधीतरी ऐकलेला. कल्याणात वाढलेल्या रत्नाने हिंगे काही पाहिले नव्हते.

"तेच. म्हणाला, घोडीच्या पोटात जाता कामा नयेत. मी म्हटलं, मग आणू नकोस घास. तर म्हणाला, नाही आणला तर रत्ना विचारेल का. आणि खरं सांगितलं तर ती त्याच दिवशी सगळा माठ उपटून टाकेल, एक रोप ठेवणार नाही. मी ओळखतो तिला." डॉटीने उपटलेल्या रोपाकडे पाहिलं. "म्हणाला, ते तिच्या आईचं शेवटचं उरलेलं आहे. ते मी जाऊ देणार नाही. म्हणून रोज सकाळी साबणाच्या पाण्यात किडे वेचायचा, काड्या सुट्या ठेवायचा, आणि मला दिसेल असा खांबावर तीनदा आपटायचा. चुकून एखादा राहिला असेल, तो पडून जायचा. ती आमची खूण होती. मला म्हणाला, मी ठोके दिले नाहीत तर तिला खाऊ देऊ नकोस. आणि रत्नाला सांगू नकोस."

मावशींनी उपटलेलं रोप मांडीवर घेतलं.

"तो गेल्यावर तू आलीस आणि ठोके दिलेस. मला वाटलं, जायच्या आधी सांगितलं त्याने तुला. मी विचारायला हवं होतं, हनी. चूक माझी आहे."

सोळा वर्षं. एकाच घरात, एकाच ताटव्याच्या दोन बाजूंना राहून माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती. दवाने सर्दी होते म्हणे. मावशींना आठवलं, एका पावसाळी सकाळी छत्री मानेत धरून ते माठात वाकले होते, आणि आपण खिडकीतून म्हणालो होतो, किडे वेचताय की हिरे? तेव्हा त्यांनी वर पाहिलं होतं, चष्म्यावर पाण्याचे थेंब, आणि नेहमीसारखे हसले होते.

"एवढं साधं सांगता नाही आलं तुम्हाला?" मावशी मोठ्याने म्हणाल्या, मराठीत, समोरच्या मोकळ्या जागेला. आणि मग त्या रडल्या, तीन वर्षांत रडल्या नव्हत्या तशा. डॉटीला शब्द कळले नाहीत, पण तिने विचारलंही नाही. ती शेजारी बसून राहिली.

उपटलेलं रोप मावशींनी परत लावलं. मुळाशी माती दाबली, पाणी घातलं. मग घरात जाऊन बादलीत साबणाचं पाणी केलं, काकांचा चष्मा कपाटातून काढून आपल्या चष्म्यावर धरून पाहिला, त्याचा काही उपयोग झाला नाही, तो परत ठेवला, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला रुचाला फोन लावला. माठ राहणार होता, माणसांसाठी, तीन पाण्यांत धुतलेला. पेकनसाठी गाजरं आणली होती.

सोमवारी सकाळी त्या गाजर घेऊन कुंपणापाशी गेल्या. पेकन तबेल्याच्या दाराशी उन्हात उभी होती. अशक्त दिसत होती, पण कान ताठ. मावशींनी गाजर पुढे धरून "ये" म्हटलं. पेकन हलली नाही. पुन्हा हाक मारली. ती नुसती बघत राहिली.

मावशींना कळलं. त्यांनी हात मागे घेतला आणि ते स्वच्छ धुतलेलं, सोललेलं गाजर खांबावर आपटलं. टक टक टक. त्यातून काही पडणार नव्हतं, तरी त्यांनी खाली वाकून नीट पाहिलं, जसं काका पाहायचे. मग पेकन चालत आली.